दारं उघडी आहेत असं धरून

१२ सप्टेंबर

भावोजी, नमस्कार.

पत्र बघून ताई म्हणेल, हिच्या फोनला काय धाड भरली. तिला सांगा, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मग मध्ये ती बसते, माझे अर्धे प्रश्न गाळते आणि पदरचे दुप्पट घालते. मागे मी पाण्याच्या पंपाबद्दल विचारलं होतं आणि उत्तरादाखल मला तुमच्या गुडघ्यांची साद्यंत हकीकत मिळाली. हे कामाचं आहे, म्हणून कागदावर.

फरश्यांच्या गोदामाची सगळी जबाबदारी आता माझ्याकडे आली आहे. जुने व्यवस्थापक निवृत्त झाले आणि मालकांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. इतकी वर्षं बिलं लिहिणारी मी, एकदम सगळे मला विचारून पाणी प्यायला लागले. त्यात पहिल्याच आठवड्यात जुन्या डिझेलच्या फोर्कलिफ्टने मान टाकली. मालक म्हणाले, नवी घेऊ, कुठली ते तुम्ही ठरवा.

विक्रेत्याने चकचकीत कागदांचा गठ्ठा टेबलावर टाकलाय. बॅटरीवरची, गॅसवरची, डिझेलवरची, बसून चालवायची, उभं राहून चालवायची. मला सगळ्या सारख्याच दिसतात. पुढे दोन काटे आणि वर एक माणूस. तुमचा जन्म या गाड्यांखाली पाठीवर झोपून गेला. कुठली घेऊ, एका ओळीत कळवा.

तुमची,
छोटी

१८ सप्टेंबर

छोटे,

एका ओळीत सांगतो. आधी गोदाम सांग, मग गाडी विचार.

गाडी चांगली की वाईट असं नसतं, जागेला लागू पडते की नाही एवढंच असतं. बॅटरीची गाडी आत उत्तम. आवाज नाही, धूर नाही. पण बहुतेकींची चाकं लहान आणि भरीव, खडबडीत जमिनीवर नेलीस की ओझ्यासकट डुलायला लागते. उभ्याने चालवायची जी आहे ती अरुंद गल्लीत उंच रॅकवर माल चढवायला, गुळगुळीत फरशीवरच. तिला अंगणात काढलीस तर ती आडवी होईल आणि माणूस तिच्याखाली. डिझेलची गाडी कुठेही जाते, पण काजळी ओकते. गॅसची मधली.

तेव्हा मला लिही: एका पॅलेटचं वजन किती, किती उंच चढवायचं, गल्ली किती रुंद, बाहेरची जमीन कशी, दारं कुठे.

खरं तर जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी सांगू नये. मी कामावर असताना कुणाला कधी सांगितली नाही. पण तुझ्या ताईने माझ्या गुडघ्यांचं तुला सांगितलंच आहे.

तुला सांगू का, निवृत्तीनंतर कुणी काही विचारलं त्याला बरेच दिवस झाले. पत्र खिशात घालून बाजारात जाऊन आलो.

भावोजी

२४ सप्टेंबर

भावोजी, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. फरश्या रचलेलं एक लाकडी पॅलेट टनाच्या वर भरतं. आम्ही एकावर एक तीन चढवतो. गल्ल्या ऐसपैस आहेत, जुनी गाडी आरामात वळायची. बाहेरचं अंगण म्हणजे नुसती खडी, मधे एक उतार, पाऊस पडला की चिखल. माल ट्रकमधून तिथेच उतरतो. त्यामुळे गाडीला दिवसभर आत-बाहेर करावं लागतं. दारं समोरासमोर दोन, ट्रक जाईल एवढाली. वारा आरपार.

मालक दोन गाड्या घेणार नाहीत, हे आधीच सांगून टाकलंय. एकीतच भागवायचं.

ही गाडी नीट मिळाली तर माझी वट बसेल, भावोजी. इथे अजून काही जण मला बिलवाल्या बाईच समजतात.

छोटी

१ ऑक्टोबर

छोटे,

मग गॅसची घे. तिच्या पाठीवर आपल्या स्वयंपाकघरासारखाच सिलिंडर असतो. हवेची मोठी चाकं घे, ती खडीवर आणि उतारावर धरून राहतील. बॅटरीची तुझ्या अंगणात टिकणार नाही. डिझेलची आत काजळी करेल आणि तुझ्या पांढऱ्या फरश्या राखाडी होतील. गॅसचा धूर डोळ्याला दिसत नाही. दारं समोरासमोर आहेत म्हणतेस, मग प्रश्नच मिटला.

इंजिन मधूनमधून जाणत्याकडून तपासून घ्यायला सांग.

मालकांनी विचारलं तर बिनदिक्कत माझं नाव सांग. म्हणावं, आमच्या भावोजींनी निवडली आहे.

भावोजी

२० नोव्हेंबर

भावोजी, नमस्कार.

उशिरा लिहिते आहे, पण मुद्दाम गाडी महिनाभर चालवून बघितली. काय गाडी आहे. आमचा चालक, त्याच्या मिशांमुळे सगळे त्याला हवालदार म्हणतात, तो तिला रोज सकाळी फडक्याने पुसतो. स्वतःची सायकल त्याने आयुष्यात पुसली नसेल. अंगणातून आत, आतून अंगणात, अडखळणं म्हणून नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, बाईंनी निवड बरोबर केली. मी तुमचं नाव सांगणार होते, पण तेवढ्यात विषय बदलला.

थंडी यंदा लवकर पडली. जागा वाढवायला मी मागच्या दारापुढे रॅक उभे केले, चांगला माल बसला. पुढचं शटर अर्ध्यावर ठेवतो, नाहीतर बोटं आखडतात.

बाकी ठीक. फक्त थंडीने सगळ्यांची डोकी उठली आहेत. मागच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसतात त्या लेबलवाल्या बाईंचं तर रोजचंच. अंगणात जाऊन बसल्या की बरं वाटतं, आत आल्या की पुन्हा सुरू. काल दोनदा बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, तेव्हा मी जरा टाकून बोलले. म्हटलं, बाई, डोकं सगळ्यांचंच दुखतं, लेबलं कोण लावणार? त्या आत जाऊन बसल्या. व्यवस्थापक झाल्यावर असं कडक व्हावं लागतं, नाही का?

ताईला नमस्कार.

छोटी

२६ नोव्हेंबर

छोटे,

तुझं पत्र मिळालं. गाडी चांगली चालते हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या ताईने स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतलाय, तिसऱ्यांदा. गच्चीचं गळणं थांबलं.

एक लिहायचं राहिलं होतं. गाडी आत चालू असेल तेव्हा दारं उघडी ठेवत जा. पूर्ण उघडी, दोन्ही. थंडी वाजली तरी चालेल. मागचे रॅक हलवता आले तर हलव. आणि इंजिन एकदा तपासून घे, शक्य तेवढ्या लवकर. ज्यांचं डोकं दुखतं त्यांना काही दिवस बाहेरचं काम दे. काळजी करण्यासारखं असेल असं नाही, पण काळजी घेतलेली बरी.

पत्र मिळाल्याबरोबर कर. उत्तर धाड.

भावोजी

४ डिसेंबर

भावोजी,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. लेबलवाल्या बाई त्याच्या आधीच्या शनिवारी पडल्या.

हवालदार लेबलं घ्यायला मागे गेला तर त्या टेबलावर डोकं ठेवून होत्या. त्याला वाटलं डुलकी लागली. हाक मारली, हलवलं, आणि मग त्याने त्यांना उचलून अंगणात आणलं. चेहरा नेहमीपेक्षा लालसर होता, त्यामुळे मला वाटलं तापाने आहे. इस्पितळात रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी मलाच विचारलं, बंद जागेत इंजिन चालतं का. मी म्हटलं, गॅसवरची गाडी आहे, धूर होत नाही. ते म्हणाले, जो मारतो तो दिसत नाही.

बाई शुद्धीवर आल्या आहेत. बोलतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. पुढे काय होईल ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.

आता उरलेलं. शटर अर्ध्यावर ठेवतो असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. आम्ही ते पार खाली ओढत होतो, ट्रक आला की तेवढ्यापुरतं वर. मीच सांगितलं होतं तसं. हवालदार मला म्हणाला होता, मॅडम, मागचं दार मोकळं करा, आत गुदमरल्यासारखं होतं. मी म्हटलं, बघू.

मालकांनी मिस्त्री आणला. तो म्हणाला, इंजिन नीट जळत नाही, कधी तपासलेलंच दिसत नाही. मालकांनी हवालदाराला सगळ्यांसमोर विचारलं, गाडी तुझ्या ताब्यात होती ना? तो म्हणाला, होती. त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. त्याला वाटलं असेल मी दाराचं बोलेन. मी मूग गिळून उभी राहिले, भावोजी. इंजिन तपासून घ्या असं तुम्ही मला लिहिलं होतं. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. स्वेटर, गच्ची, आणि मग ते. तुम्हाला कळलं होतं का? माझं पत्र वाचल्यावर लगेच?

छोटी

१० डिसेंबर

छोटे,

हे पत्र मी लिहिते आहे, तुझी ताई. तुझे भावोजी जेवत नाहीत. काय झालं विचारलं तर मला ऐकू आलं नाही असा चेहरा करतात, आणि तो चेहरा मी चांगला ओळखते. शेवटी टेबलावर पडलेलं तुझं पत्र मी वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

मग वही पुढे केली आणि म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं ते तुला सांगते, कारण ते स्वतः सांगतील तोवर आणखी दिवस जातील. तुझं आधीचं पत्र आमच्याकडे सोमवारी आलं. डोकेदुखीचं वाचलं आणि त्यांना तिथल्या तिथे कळलं. सोमवारपासून बुधवारपर्यंत ते पत्र त्यांच्या खिशात होतं. बुधवारी त्यांनी तुला लिहिलं, गुरुवारी पेटीत टाकलं.

फोन माझ्या उशाशी असतो, छोटे. मला एक चिठ्ठी दाखवली असती तर मी त्याच मिनिटाला तुला सांगितलं असतं, सगळ्यांना बाहेर काढ. मी विचारलं, का नाही सांगितलंत? त्यांनी लिहिलं, "तू मोठ्याने बोलली असतीस."

मला राग आलाय आणि कुणावर काढू ते समजत नाही. त्यांच्यावर काढला, त्यांना ऐकू आला नाही. ते तिकडे यायला निघाले आहेत. मी गुडघ्याचे पट्टे दिलेत. त्यांना मालकांपुढे बोलायला लाव. स्वतःही बोल.

ताई

९ जानेवारी

छोटे,

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे असताना जे बोलायचं होतं ते बोलून झालं असं मला वाटत होतं, पण परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं की निम्मं राहिलं.

गोदामात पहिल्यांदा जाऊन उभा राहिलो तेव्हा वर पाहिलं. छप्पर बुटकं, वर झरोका नाही, आणि ती दोन दारं सोडली तर हवेला वाटच नाही. मी एकदा आलो असतो तर दारात उभा राहूनच म्हटलं असतं, इथे गॅस नको. अंगणात काँक्रीट करा आणि बॅटरीची घ्या. उत्तर सोपं होतं. मी ते घरी खुर्चीत बसून, दारं उघडी आहेत असं धरून दिलं. थंडी पडते हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

मालकांसमोर तू जे बोललीस ते मला ऐकू आलं नाही, पण तू मागच्या दाराकडे बोट केलंस ते दिसलं. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी लिहून दिलं की गाडी मी सुचवली आणि धोका मला आधी कळला होता. त्यांनी वाचून घडी घातली. तुझ्या किल्ल्या जातील असं मला वाटलं होतं. राहिल्या, याचा तुला आनंद झालेला दिसला नाही.

हवालदाराला आपण बोलवायला गेलो तेव्हा तो भाजीबाजारात हातगाडी ओढत होता. त्याने माझा हात हातात घेतला आणि तुझ्याकडे पाहून मान नाही अशी हलवली. पुन्हा यायचं नाही म्हणाला एवढं मला समजलं. बरोबर आहे त्याचं.

आता जे विचारायला हे पत्र लिहितोय ते. बाईंच्या घरी मी त्यांना म्हटलं की गाडी मी निवडली होती आणि माझ्याकडून फार मोठी चूक झाली. खिशातल्या पत्राचं बोललो नाही. त्यानंतर त्या बराच वेळ बोलत होत्या. थांबत थांबत, माझ्याकडे बघून. त्यांची मुलगी खाली बघत होती. तू डोळे पुसलेस. मला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून मी मान हलवत राहिलो. बाहेर आल्यावर तुलाही विचारलं नाही.

त्या काय म्हणाल्या? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

भावोजी

१६ जानेवारी

भावोजी, नमस्कार.

बरं वाटावं म्हणूनच लिहायला बसले होते. "त्यांनी माफ केलं" असं लिहिलंही, मग तो कागद फाडला.

आधी त्यांनी मला विचारलं, यांना ऐकू येत नाही ना? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग मान कशाला हलवतात, मला वाटतं समजलं. तरीही त्या तुमच्याकडेच बघून बोलत राहिल्या.

म्हणाल्या, चूक झाली म्हणता, पण कसली ते मला कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं. मालकांनी मॅडमना सांगितलं. मुलगी म्हणते, आई, तू नको त्याचा विचार करू. मी दूध गॅसवर ठेवते आणि विसरते. परवा शेजारच्या गल्लीतून घरी यायची वाट सापडेना. हिशोब जुळत नाही, शब्द तोंडाशी येऊन परत जातो. माझ्या डोक्यात काय गेलं, कुठून गेलं, ते मला समजायला नको? तुम्ही मशीनवाले आहात ना, मग सांगा.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मी बहाणा करत नव्हते, मॅडम. तेव्हा मी डोळे पुसले.

माफीचा शब्द त्यांच्या बोलण्यात आला नाही, भावोजी. रागाचाही नाही. निघताना त्यांनी तुमच्याकडून एक गोष्ट मागितली. त्यांच्या नावाने पत्र हवंय. मोठ्या अक्षरात, छोटी वाक्यं, कारण एका वेळी जास्त वाचवत नाही. मी सांगू का म्हटलं, तर म्हणाल्या, नको, ज्याला माहीत आहे त्याने सांगावं.

अंगणात काँक्रीट पडतंय. बॅटरीच्या गाडीची मागणी गेली. या वेळी विक्रेत्याला आधी गोदामात उभं केलं, दोन्ही दारं लावून. मागचे रॅक मी स्वतः उभी राहून हलवून घेतले. हे सगळं आता सुचतंय.

पत्र पाठवा. सगळं लिहा. मी उरलेलं माझं त्यांना तोंडाने सांगणार आहे.

छोटी

२२ जानेवारी

बाई, नमस्कार.

मी तो ऐकू न येणारा. तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही बोलत होता आणि मी समजल्यासारखं करत होतो. मला समजलं नव्हतं. आता छोटीने लिहून कळवलं.

तुम्हाला काय झालं ते सांगतो.

गोदामातली गाडी गॅसवर चालायची. इंजिनात गॅस नीट जळला नाही की एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही. त्याला वास नाही. तो श्वासातून आत जातो. आपलं रक्त चांगल्या हवेऐवजी तोच धरून ठेवतं. मग डोक्याला हवा पुरत नाही. आधी डोकं दुखतं. बाहेर गेलं की कमी होतं. आत आलं की पुन्हा सुरू होतं. तुम्ही सांगत होता ते अगदी असंच होतं. तुम्ही खरं बोलत होता.

दारं बंद होती. म्हणून तो वायू कोपऱ्यात साचला. तुमचं टेबल कोपऱ्यात होतं. तुमचं विसरणं त्यामुळे आहे. तुम्ही वेंधळ्या झालेल्या नाही. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, असं डॉक्टर म्हणतात. तुमचं किती सुधारेल ते मला माहीत नाही.

त्या जागेत ती गाडी आणायला नको होती. ती मी सांगितली. जागा न बघता सांगितली.

इथे थांबा. थोडी विश्रांती घ्या. मग दुसरं पान वाचा.

आता दुसरं पान.

तुम्ही पडलात त्याच्या आधीच्या सोमवारी मला छोटीचं पत्र आलं. तुमचं डोकं दुखतं असं त्यात होतं. ते वाचून मला कळलं की वायू साचतोय. घरात फोन होता. बायको शेजारच्या खोलीत होती. तिने फोन केला असता तर त्याच दिवशी तुम्हाला बाहेर काढलं असतं.

मी तिला सांगितलं नाही. माझी निवड चुकली हे घरात कुणाला कळू नये असं वाटलं. म्हणून मी पत्र लिहिलं. तेही दोन दिवसांनी. त्यातही आडून आडून. ते पोचायच्या आधी तुम्ही पडलात.

सोमवार ते शनिवार तुम्ही रोज त्या टेबलाशी जाऊन बसत होता. मला माहीत होतं.

तुमच्या घरी मी हे बोललो नाही. म्हणून आता लिहिलं.

हे वाचून झाल्यावर लक्षात राहिलं नाही तर मला कळवा. मी पुन्हा पहिल्यापासून लिहीन.

छोटीचे भावोजी